माती, गादी आणि ज्यूदोचा अंगरखा

प्रश्न असा आहे: "१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधवांना हरवून सुवर्णपदक नेणारा जपानी मल्ल मुळात ज्यूदोचा खेळाडू होता, असं वाचलं. मग ज्यूदो आपल्या कुस्तीपेक्षा सरस ठरला का? आणि त्या काळातला मातीतला पैलवान ज्यूदोच्या स्पर्धेत उतरला असता तर टिकला असता का?" विचारणारे स्वतः कॉलेजात ज्यूदो खेळतात आणि त्यांचे आजोबा तालमीत जात असत. म्हणजे घरात जेवणाच्या ताटावर हा वाद रंगत असणार.

आधी उत्तर देतो, पाल्हाळ मागून. माहिती खरी आहे, पण तिच्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. शोहाची इशी ज्यूदोतूनच आला होता. पण खाशाबांना ज्यूदोनं हरवलं नाही, गादीनं, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीनं, हरवलं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो कळायला थोडं मागे जावं लागेल.

मी मातीत वाढलेला माणूस. गादीवर पहिल्यांदा पाय ठेवला तो बाविसाव्या वर्षी. पुढे तीसेक वर्षं गादीवर पोरं घडवली, आणि त्यातली काही वर्षं शेजारच्या हॉलमधल्या ज्यूदोच्या पोरांना जमिनीवरच्या पकडी दाखवायला जात होतो. दाखवायला कसला, पहिले सहा महिने मीच पडत होतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी मार खाल्लेल्या माणसाचं मत म्हणून हे वाचा.

इशीची गोष्ट युद्धापासून सुरू होते. १९४५ मध्ये जपान हरला आणि अमेरिकी लष्करी प्रशासन आलं. तलवारबाजी, ज्यूदो वगैरे युद्धकलांनी पोरांच्या डोक्यात लष्करी भूत भरलं, असं त्या प्रशासनाचं मत होतं. शाळांतून ज्यूदो बंद झाला. या कलांची देशव्यापी संस्था असलेलं बुतोकुकाई १९४६ मध्ये मोडीत निघालं. शाळांत ज्यूदो परत आला तो १९५० मध्ये. मधल्या वर्षांत विशी-बाविशीतल्या ज्यूदोवाल्या पोरांनी करायचं काय? कुस्तीवर बंदी नव्हती. ती पाश्चात्त्यांची, ऑलिम्पिकची, म्हणून निरुपद्रवी. इशी अशा पोरांपैकी एक. जन्म १९२६ चा, म्हणजे खाशाबांच्याच वर्षाचा. एक जण कराडजवळच्या गोळेश्वरचा, दुसरा जपानचा, आणि सव्विसाव्या वर्षी दोघं हेलसिंकीच्या मेस्सुहाल्ली नावाच्या हॉलमध्ये ५७ किलो गटात समोरासमोर.

इथपर्यंत ऐकलं की माणूस म्हणतो, बघा, ज्यूदोच जिंकला. थांबा. ज्यूदोवाले गादीवर आले की जिंकतात, असं असतं तर जपाननं १९३२ मध्येच लॉस एंजेलिसला पदकांची रास लावली असती. त्या वर्षी जपानचे मल्ल बहुतेक ज्यूदोतूनच आलेले होते. कुस्तीत एकही पदक मिळालं नाही. त्या संघात इचिरो हात्ता नावाचा वासेदा विद्यापीठाचा ज्यूदोवाला होता. ज्यूदो संघाबरोबर अमेरिकेचा दौरा करून तिथली कुस्ती त्यानं आधीच डोळ्यांनी पाहिली होती. परत येऊन त्यानं विद्यापीठात कुस्तीचा क्लब काढला आणि पुढे अनेक वर्षं जपानी हौशी कुस्तीची सूत्रं सांभाळली. त्याच्याही आधी, १९२४ च्या पॅरिसमध्ये, कात्सुतोशी नाइतोनं फ्रीस्टाइलमध्ये कांस्य मिळवलं होतं. तोही ज्यूदोवालाच, पण शिकायला अमेरिकेत पेन स्टेटला गेलेला आणि तिथल्या कुस्ती संघाचा कर्णधार झालेला. म्हणजे पदक आणलं ते गादीवर राबलेल्या ज्यूदोवाल्यानं. जे ज्यूदोच्या भरवशावर थेट गादीवर आले ते रिकाम्या हातानं परतले. इशीच्या सुवर्णामागे ही वीस-बावीस वर्षं आहेत. हेलसिंकीत जपानला कुस्तीत इशीचं सुवर्ण आणि ५२ किलोत युशू कितानोचं रौप्य मिळालं. चार वर्षांनी मेलबर्नला शोझो सासाहारा आणि मित्सुओ इकेदा यांनी आणखी दोन सुवर्णं आणली. इतकं यश योगायोगानं येत नाही.

आता तांत्रिक भाग. ज्यूदोवाल्याला गादीवर काय उपयोगी पडतं आणि काय नडतं?

ज्यूदोत पकड कापडाची असते. बाही आणि गळपट्टी हातात आली की समोरच्याचा अख्खा वरचा भाग तुमच्या मुठीत. कुस्तीत अंग उघडं आणि घामानं निसरडं. हाताला काही लागतच नाही. मनगट, दंडाखालची बगल, मान, एवढंच. पहिल्या दिवशी गादीवर आलेला ज्यूदोवाला दरवाजाची कडी शोधावी तसा हात चाचपत राहतो. दुसरी अडचण मोठी आहे. ज्यूदोतले बरेच उत्तम डाव पाठ देऊन होतात: समोरच्याच्या पोटात आपली कंबर घालायची आणि त्याला वरून फेकायचं. डाव बसला तर वाहवा. फसला तर ज्यूदोत फारसं बिघडत नाही, पंच पुन्हा उभं करतो. कुस्तीत फसला की तुम्ही पाठ दिलेली आहे. मागून कब्जा, खाली गुडघे, आणि पुढची दोन मिनिटं तुमची नाहीत. तिसरी गोष्ट म्हणजे पाडण्यासाठी आधी स्वतः पाठीवर लोळायचं, समोरच्याच्या पोटाला पाय लावायचा आणि त्याला डोक्यावरून पलीकडे उडवायचं. तोमोए-नागे म्हणतात त्याला. सिनेमात फार छान दिसतो. कुस्तीत मात्र तुमचेच खांदे आधी टेकले. चित तुम्हीच.

मग उरतं काय? उरतो तोल. ज्यूदोत त्याला कुझुशी म्हणतात: डाव मारण्याआधी समोरच्याचं वजन एका पायावर, एका टाचेवर आणायचं. आमचे वस्ताद याला काही वेगळं नाव देत नसत. "आधी हलव, मग मार" एवढंच सांगायचे. ज्यूदोत हे अर्धी वर्षं शिकवतात, कारण रोजच्या मोकळ्या सरावात, रांदोरीत, पोरगं दहा वेगळ्या माणसांना धरतं. पायांची झाडणी, टाचेची उचल, कंबरेचा फिरवा, हे सगळं कापड नसलं तरी बरोबर येतं. पडायलाही शिकवलेलं असतं, त्यामुळे भीती नसते. आणि त्या काळच्या ज्यूदोत पाय धरायला मनाई नव्हती. दोन्ही पाय मिठीत घेऊन पाडायचं, ज्याला ते मोरोते-गारी म्हणतात, तो आपला दुहेरी पट. ज्यूदोत पायाला हात लावणं हल्ली, २०१० नंतर, टप्प्याटप्प्यानं बंद झालं. म्हणून आज तुम्ही ज्यूदो खेळता आणि इशीचा ज्यूदो डोळ्यांपुढे आणता, तेव्हा तुमच्याहून वेगळा खेळ डोळ्यांपुढे आणायला हवा.

खरं तर डाव जोडून पाहिले तर दोन भावंडांचे चेहरे जुळावेत तसे जुळतात. धोबीपछाड म्हणजे त्यांचा इप्पोन सेओइ-नागे. हात खांद्यावर घेऊन कपडे आपटावेत तसा. बाहेरली टांग म्हणजे ओसोतो-गारीची सख्खी बहीण. कलाजंग म्हणजे काता-गुरुमा, माणूस दोन्ही खांद्यांवर आडवा घेऊन टाकायचा. याची गंमत अशी की ज्यूदोचे जनक जिगोरो कानो तरुणपणी त्यांच्याहून जड सोबत्याला काही केल्या पाडू शकत नव्हते. मग त्यांनी परदेशी कुस्तीची माहिती वाचली आणि त्यातून हा डाव बसवला, असं ज्यूदोतच सांगतात. म्हणजे ज्यूदोत कुस्तीचं रक्त पहिल्यापासून आहे. उलट दिशेनं, ज्यूदो भारतात आला तो काही तुमच्या पिढीत नाही. १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून शिंझो ताकागाकी शांतिनिकेतनात ज्यूदो शिकवायला आले होते. तिथून तो कोल्हापूरपर्यंत पोचला नाही एवढंच.

आता खाशाबांकडे. त्यांचा हुकमी डाव ढाक. समोरच्याची मान काखेत आवळायची, कंबर आत घालायची आणि मानेसकट त्याला फिरवून टाकायचं. माझ्या मते मातीतला हा सगळ्यात फसवा डाव आहे, कारण मान धरल्यावर समोरच्याला वाटतं की हा दम काढतोय, आणि तोवर पाय जमिनीवर नसतात. ज्यूदोत याच्या अगदी जवळचा डाव कोशी-गुरुमा. ५७ किलोचा माणूस हा डाव वेगानं मारू लागला तर त्याला तोड नसते. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून खाशाबा शेवटच्या तिघांत आले.

तेव्हाची गुणपद्धत आजच्या पोरांना सांगितली तर हसतात. गुण मिळवायचे नव्हतेच, वाईट गुण टाळायचे होते. चितपट जिंकलात तर शून्य. पंचांच्या निकालावर जिंकलात तर एक वाईट गुण. हरलात तर त्याहून जास्त, तीनपर्यंत. पाच झाले की घरी. कुस्ती पंधरा मिनिटांची. तिघं उरले की त्या तिघांच्या आपसात कुस्त्या आणि त्यावरून पदकं. ही पद्धत मातीवाल्याला वरकरणी सोयीची, कारण आपल्याकडे चितपट कुस्तीशिवाय दुसरं काही मोजतच नाहीत. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कोणी पंचांच्या निकालावर जिंकला तर लोक उठून जातात. पण शेवटच्या तिघांत चितपट कोण होतो? तिथे पंधरा मिनिटं खेळून तीन पंचांच्या नजरेत पुढे राहावं लागतं: पाऊल पुढे, कब्जा जास्त वेळ, कडेला जाणं कमी. हे शिकायला गादीवरच्या स्पर्धाच खेळाव्या लागतात, नुसत्या तालमीत ते येत नाही. इशीकडे ते होतं. विद्यापीठांच्या स्पर्धा, आपसात सतत कुस्त्या, शिकवणारा हात्तासारखा हट्टी माणूस.

खाशाबांकडे काय होतं? १९४८ च्या लंडनचा अनुभव. तिथे जाण्याआधी गादीची तयारी फार थोडी होती. रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकानं त्यांना थोडं तयार केलं आणि त्या तयारीवर ते सहावे आले. ज्या माणसाला गादी नवी आहे त्यानं सहावं यावं, ही गोष्ट मला पदकापेक्षा कमी वाटत नाही. मधली चार वर्षं पुन्हा कोल्हापूर, राजाराम कॉलेज, बाबुराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजींचं मार्गदर्शन. आणि हेलसिंकीला जायला पैसे नाहीत. कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, हे कराड-कोल्हापुरात लहान पोरालाही ठाऊक आहे. ज्याचा तिकिटाचा घोर सुटायला घर गहाण पडतं, त्यानं गादीवरच्या स्पर्धा खेळायला परदेशी जायचं कधी?

शेवटच्या दिवसाची, २३ जुलैची, गोष्टही पाठ असणार तुम्हाला. इशीशी कुस्ती पुरी पंधरा मिनिटं चालली, खाशाबा हरले, आणि लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं राहायला सांगितलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ते पंचांना सांगायला आपल्याकडचं कोणी जबाबदार माणूस तिथे नव्हतं. थकलेला माणूस तीही कुस्ती हरला. कांस्य. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य. आमच्या वस्तादांना या गोष्टीत एकच शब्द सापडायचा: "एकटा." ते हे सांगताना विषय बदलत.

मामेदबेकोववर एक मिनिट थांबायला हवं, कारण त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. सोव्हिएत संघाचं ते पहिलंच ऑलिम्पिक. हा गडी अझरबैजानचा. तिकडे कॉकेशसमध्ये प्रत्येक दरीची स्वतःची कुस्ती आहे. अझरबैजानात गुलेश, शेजारी जॉर्जियात चिदाओबा, तीही छोटा जाकीट घालून, ढोल-सनईच्या तालावर. वाचताना मला तर आपली हलगी आठवली. सोव्हिएतांनी या सगळ्या देशी कुस्त्या आणि ज्यूदो एकत्र घोटून सांबो केला. त्यांचा ज्यूदो आणणारा वासिली ओश्चेपकोव, टोकियोच्या कोदोकानमध्ये, म्हणजे ज्यूदोच्या मूळ संस्थेत, शिकलेला, १९३७ मध्ये अटकेत मेला. सांबोला मात्र पुढच्याच वर्षी सरकारी मान्यता मिळाली. त्या काळच्या राज्यकर्त्यांना डाव हवे होते, माणूस नको होता.

म्हणजे शेवटच्या तिघांकडे नीट बघा. ज्यूदोतून गादीवर आलेला एक. देशी कुस्त्या आणि गादी यांची सांगड पद्धतशीर घालणाऱ्या देशाचा दुसरा. आणि मातीतून थेट आलेला तिसरा. तिसऱ्यानं पहिल्या दोघांना पंधरा मिनिटं झुंजवलं. म्हणून मी म्हणतो, माती हरली असं समजू नका. त्याच हेलसिंकीत ६२ किलोत आपले कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले होते. एका जिल्ह्याच्या परिघातल्या तालमींतून एक तिसरा आणि एक चौथा, आणि तोही बिनगादीच्या मुलखातून. नंतर गादी थोडी अंगवळणी पडल्यावर काय झालं तेही दिसतं: १९६१ मध्ये योकोहामाच्या जागतिक स्पर्धेत उदयचंद यांनी कांस्य आणलं, १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये मारुती माने आणि गणपतराव आंदळकर यांनी सुवर्णं आणली. आंदळकरांचं तर ग्रीको-रोमनमध्ये! पायाला हात लावायची बंदी असलेला प्रकार, आणि त्यात मातीतला हिंदकेसरी.

आता उलट बाजू, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग तिथे आहे. ज्यूदोच्या अंगणात कुस्तीवाला गेला तर?

ज्यूदोची पहिली जागतिक स्पर्धा १९५६ मध्ये टोकियोत झाली. वजनगट नव्हते, सगळे एकाच गटात. जपानी ज्यूदोवाल्यांची श्रद्धाच होती की कौशल्यापुढे वजन चालत नाही. शोकिची नात्सुई जिंकला, दुसराही जपानीच, आणि तिसऱ्या जागी एक उंच डच पोरगा होता, अँटन गेसिंक. १९५८ ला पुन्हा टोकियो, पुन्हा जपान, कोजी सोने. १९६१ ला स्पर्धा पॅरिसला गेली आणि गेसिंकनं सोनेलाच हरवून विजेतेपद घेतलं. जपानमध्ये सुतक पडल्यासारखं झालं.

गेसिंक कोण होता? उंची १९८ सेंटिमीटर आणि वजन शंभराच्या बरंच पुढे, हे सगळे सांगतात. हे कमी लोक सांगतात की तो ग्रीको-रोमन कुस्तीचा डच विजेता होता. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला त्याला कुस्तीत उतरायचं होतं, पण ज्यूदो शिकवून पैसे घेतो म्हणून व्यावसायिक ठरवून त्याला अडवलं गेलं. नियमाचा हा विनोद बघा: कुस्तीत अडवला म्हणून तो ज्यूदोतच राहिला आणि चार वर्षांनी ज्यूदोच्या घरात जाऊन त्यांची झोप उडवली.

१९६४ टोकियो. ज्यूदो पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये, यजमानांच्या आग्रहानं. वजनगट तोवर आले होते, तीन वजनांचे आणि एक खुला. तीन वजनगटांत जपाननं तिन्ही सुवर्णं घेतली: नाकातानी, ओकानो, इनोकुमा. राहिला खुला गट, आणि खरी इभ्रत त्यातच होती. २३ ऑक्टोबर, निप्पॉन बुदोकान, अंतिम लढत गेसिंक आणि अकिओ कामिनागा. ९ मिनिटं २२ सेकंदांनी लढत संपली. आणि संपली कशानं? फेकीनं नाही. गेसिंकनं त्याला खाली घेतलं, मान आणि एक हात काखेत आवळून बाजूला बसला आणि धरून ठेवलं. केसा-गातामे. त्या वेळी तीस सेकंद दाबून ठेवलं की लढत संपायची.

आता डोळे मिटा आणि ढाक आठवा. ढाक बसल्यावर पैलवान कुठे येऊन थांबतो? समोरचा पाठीवर, त्याची मान आपल्या काखेत, आपण त्याच्या छातीला बरगडी लावून बाजूला बसलेलो, पाय फाकवून. ही केसा-गातामेच आहे. ज्या आसनात खाशाबांनी कित्येक गडी आसमान दाखवून लोळवले असतील, त्याच आसनात बारा वर्षांनी ज्यूदोच्या मंदिरात जपानचा मान गेला. मातीत ते आसन क्षणभर पुरतं, कारण खांदे टेकले की हलगी वाजते. तेव्हाच्या ज्यूदोत ते तीस सेकंद टिकवायला लागायचं. कामिनागा खालून धडपडला, पण शंभर किलोंच्या वरचं अंग योग्य जागी बसलं की सुटका नसते. हॉल सुन्न झाला. डच लोक गादीकडे धावले तेव्हा गेसिंकनं हात वर करून त्यांना थांबवलं आणि आधी समोरच्याला नमस्कार केला. तो माणूस मला आवडतो तो या एका हातासाठी.

त्याच टोकियोत सोव्हिएतांनी ज्यूदोत चार कांस्यं नेली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्यातले बहुतेक आंतरराष्ट्रीय ज्यूदोत दिसलेही नव्हते. सांबोवाले, त्यातले चिक्विलाद्झे आणि किक्नाद्झे जॉर्जियाचे. ज्यूदोचा अंगरखा चढवला, पकड कमरेवरून आणि पाठीवरून घेतली, जपान्यांना सवय नसलेल्या जागांवरून, आणि उचलून टाकलं. म्हणजे कुस्तीवाला ज्यूदोत टिकतो का, याचं उत्तर १९६४ नं देऊन टाकलं. टिकतो, पण कापडाची पकड शिकून आलेला.

सोव्हिएतांच्या बाबतीत कापड आधीच होतं, सांबोतही जाकीट असतं. मातीतल्या पैलवानाचं कसं झालं असतं? हा तुमचा खरा प्रश्न, आणि इथे मी पुस्तकातलं नाही, हॉलमधलं सांगतो. तालमीतल्या पाचसहा पोरांना मी एकदा ज्यूदोचे अंगरखे घालून उभं केलं होतं. पहिली गोष्ट, त्यांना अंगरखा घातल्यावर हसू आवरेना; लंगोटावर वाढलेल्या पोराला बाह्या म्हणजे लग्नातला कोट. दुसरी, ते पकड घ्यायचे तेव्हा कापड सोडून मनगट धरायचे, आणि ज्यूदोचं पोरगं तेवढ्यात त्यांची गळपट्टी धरून मान खाली दाबायचं. मान खाली गेली की पैलवान स्वाभाविकपणे पटाला जायचा, आणि हल्लीच्या नियमात पंच थांबवून दंड देणार. १९५२ मध्ये तो दंड नव्हता. त्यामुळे माझा अंदाज असा की तेव्हाचा चांगला मातीवाला, दुहेरी पट आणि कलाजंग हाताशी असलेला, साध्या ज्यूदोवाल्याला खाली आणण्यात कमी पडला नसता. जमिनीवर मात्र गळा आवळणं आणि कोपर मोडणं हे त्याला माहीतच नसतं. पालथं पडून वेळ काढायची त्याची सवय ज्यूदोत जिवावर बेतते: पालथ्या माणसाचा गळा मागून सगळ्यात सोपा. कोदोकानच्या चांगल्या खेळाडूसमोर तो तिथेच संपला असता. एक वर्ष सराव करून उतरला असता तर वेगळी गोष्ट.

त्या सरावातला एक प्रसंग सांगून थांबतो. आमचा एक सोळा वर्षांचा पोरगा, ढाकेचा पक्का, ज्यूदोच्या तपकिरी पट्टेवाल्यासमोर उभा होता. तीन वेळा पडला. चौथ्या वेळी त्याला कापडाचा नाद सुटला, मानेवर हात गेला आणि ढाक बसली. अर्धवट, समोरचा कुशीवर पडला आणि मग पाठीवर लोळला. ज्यूदोच्या पंचानं पूर्ण गुण दिला नाही, नुसता हात पुढे करून दाबून धरल्याची मोजणी सुरू केली. आमच्या पोराला खांदे टेकलेले दिसले. त्याच्या दृष्टीनं कुस्ती संपली होती. त्यानं मान सोडली, उठला, मांडीवर थाप मारली आणि दोन्ही हात वर करून माझ्याकडे बघत हॉलभर एक फेरी मारली. मागे तो तपकिरी पट्टेवाला शांतपणे उभा राहिला होता, अंगरखा नीट करत.